बॉस्टन ते लिस्बन, कमी खर्चात : एका सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बॉस्टनजवळ राहणारं एक जोडपं. दोघंही नोकरदार, दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, दोघांचेही पासपोर्ट भारतीय. चार वर्षांची मुलगी अमेरिकेत जन्मलेली, म्हणून तिचा पासपोर्ट अमेरिकी. ओळख पटेल असे तपशील काढून आणि त्यांच्या परवानगीने हे प्रकरण इथे मांडतो आहे. त्यांचा हिशेबाचा तक्ता मी सुरुवातीपासून पाहत होतो, त्यामुळे आकडे त्यांचेच आहेत.

नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांनी ठरवलं की युरोपातलं एकच शहर आठवडाभर निवांत पाहायचं. तिघांचं मिळून बजेट साडेतीन हजार डॉलर, त्यात सगळं आलं पाहिजे. लिस्बनवर एकमत व्हायला वेळ लागला नाही. युरोपच्या मुख्य भूमीवरची ही सगळ्यात पश्चिमेकडची राजधानी, त्यामुळे बॉस्टनहून थेट विमान सात तासांच्या आत पोचतं. न्यू बेडफर्ड, फॉल रिव्हर या भागात पोर्तुगीज मुळाची मोठी वस्ती असल्याने या मार्गावर थेट विमानं आहेत. शिवाय पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपेक्षा राहणं स्वस्त, आणि विमानतळ शहरातच असून मेट्रो थेट तिथून सुटते.

शहर ठरलं आणि लगेच दोघं तिकिटं शोधायला बसले. बहुतेक सगळे इथूनच सुरुवात करतात. या प्रकरणात तेच उलटं पडलं.

अडचण : दोन पासपोर्टांवरच्या दोन तारखा

त्यांच्या मनात मे महिना होता. हवा चांगली, दिवस मोठा. पण बायकोच्या पासपोर्टमधला एच-१बीचा शिक्का, म्हणजे व्हिसा, १० एप्रिल २०२५ला संपत होता. नोकरीची मुदतवाढ मंजूर झालेली होती, नवा आय-७९७ हातात होता, त्यामुळे अमेरिकेत राहण्याला काहीच धोका नव्हता. गोंधळ नेमका इथेच होतो. आय-७९७ म्हणजे राहण्याची परवानगी. बाहेर जाऊन परत आत यायचं, तर पासपोर्टमधला शिक्का परतण्याच्या दिवशी जिवंत लागतो. शिक्का संपलेला असतानाही परत येऊ देणारी एक सवलत आहे, पण ती कॅनडा आणि मेक्सिकोच्या तीस दिवसांपर्यंतच्या फेरीसाठी. युरोपला ती लागू नाही. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी "आय-७९७ दाखव, सोडतात" असं छातीठोक सांगितलं होतं. तो सल्ला ऐकून मे महिन्यात गेले असते, तर परत येताना तिला विमानातच बसू दिलं नसतं.

थोडक्यात, मे बाद. १० एप्रिलच्या आत घरी परतायला हवं.

दुसरी तारीख त्याच्या पासपोर्टवर होती. तो ९ जून २०२५ला संपत होता. सहल मार्चमध्ये, म्हणजे पासपोर्ट चांगला अडीच महिने शिल्लक, असं त्याला वाटलं. शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम मात्र वेगळा आहे. तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू असला पाहिजे, आणि तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असला पाहिजे. २२ मार्चला परतायचं, तर पासपोर्ट २२ जूनपर्यंत हवा. तेरा दिवस कमी पडत होते.

इथे पहिला निर्णय आला. एक तर ९ मार्चच्या आत सहल उरकायची, म्हणजे फेब्रुवारी. पण मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांना प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात सुट्टी असते, तेव्हा भाडी चढतात, आणि बाकीच्या फेब्रुवारीत तिच्या ऑफिसला रजा मिळत नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे पासपोर्ट आधी नवा करून घ्यायचा. त्यांनी दुसरा धरला. नोव्हेंबरच्या मध्याला अर्ज गेला, नाताळाच्या जरा आधी नवा पासपोर्ट आला. त्याचा अमेरिकी व्हिसा जुन्या पासपोर्टातच राहिला, तो तसाच वैध असतो. प्रवासात दोन्ही पुस्तिका जवळ ठेवायच्या, एवढंच.

या महिन्याभरात दोघांच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज मात्र पुढे सरकू शकला नाही. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

सेल आला, व्हिसा नाही

नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगनंतरचा सेल लागला. थेट विमानाचं भाडं जाऊन-येऊन माणशी ४७२ डॉलरवर आलं. या भाड्यात तारीख बदलता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत. त्याचं म्हणणं, घेऊन टाकू, व्हिसा काय मिळेलच. तिचं म्हणणं, पासपोर्टच हातात नाही, अपॉइंटमेंट घेतलेली नाही, आणि चौदाशे डॉलर लावायचे?

तिने दोन गोष्टी तपासल्या. पहिली, व्हिसासाठी विकत घेतलेलं तिकीट दाखवावं लागतं का. तसं नाही. जाण्या-येण्याचं आरक्षण किंवा प्रवासाचा आराखडा पुरतो, आणि व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू नका असा सल्लाही सगळीकडे दिला जातो. दुसरी, अमेरिकेतला चोवीस तासांचा नियम. विमान सुटायला सात दिवस किंवा जास्त असताना थेट विमान कंपनीकडून तिकीट घेतलं, तर कंपनीला दोनपैकी एक सोय द्यावी लागते : चोवीस तास पैसे न घेता भाडं धरून ठेवणं, किंवा चोवीस तासांत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत करणं. एजंटच्या साइटवरून घेतलेल्या तिकिटाला हा नियम बांधील नाही. सोय चांगली आहे, पण चोवीस तासांत व्हिसा येत नसतो. म्हणजे सेलसाठी तिचा उपयोग शून्य.

त्यांनी सेल सोडला. पुढे तेच तिकीट ५४८ला पडलं, म्हणजे तिघांचे २२८ डॉलर जास्त. तो अजूनही त्या २२८ची आठवण काढतो. माझं मत तिच्या बाजूने आहे. अपॉइंटमेंट कधी मिळेल हेच माहीत नसताना १,४१६ डॉलर अडकवून २२८ वाचवणं हा सौदा नाही. मात्र ही वेळ टाळता आली असती. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पासपोर्टची तारीख सप्टेंबरात पाहिली असती, तर सेलच्या वेळी व्हिसा खिशात असता.

व्हिसा

जानेवारीच्या मध्याला अपॉइंटमेंट मिळाली, तीही पहाटे उठून रद्द झालेल्या जागा शोधत बसल्यावर. शुल्क माणशी ९० युरो, जून २०२४पर्यंत ते ८० होतं. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. मुलीला अमेरिकी पासपोर्टमुळे व्हिसाच लागला नाही.

कागदपत्रांत एक गोष्ट तिने नीट केली होती. अमेरिकेत परतण्याचा हक्क दाखवायला नवा आय-७९७, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) आणि पगाराच्या स्लिपा एका गठ्ठ्यात लावल्या, आणि वर अर्ध्या पानाचं पत्र : शिक्का १० एप्रिलला संपतो, आम्ही २२ मार्चला परततो. तपासणाऱ्याला प्रश्न पडायच्या आत उत्तर समोर. हॉटेल रद्द करता येईल असंच घेतलं होतं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघांचे पासपोर्ट व्हिसासह परत आले.

समोरचे पर्याय

आता तिकीट. तारखा ठरल्या होत्या : शुक्रवार १४ मार्चच्या रात्री निघायचं. तक्त्यात चार ओळी होत्या.

माद्रिदला स्वस्तात उतरून पुढे रेल्वेने जाण्याची कल्पना त्याची. नकाशावर सुरेख दिसते. पण माद्रिद-लिस्बन थेट गाडी नाही. रात्रीची एक होती, ती २०२०मध्ये बंद पडली. ओळ खोडली.

लंडनमार्गे दोन वेगळी तिकिटं सगळ्यात स्वस्त होती, माणशी ३९५. बॉस्टनहून हीथ्रो, मग बसने गॅटविक, तिथून कमी भाड्याच्या कंपनीने लिस्बन. परतीचा प्रवास शुक्रवार २१ मार्चला, सकाळी लिस्बनहून गॅटविक आणि संध्याकाळी हीथ्रोहून बॉस्टन. थेट विमानापेक्षा तिघांचे ४५९ डॉलर कमी. तो हरखला होता.

तिने त्या ४५९ची उलट वजाबाकी मांडली. कमी भाड्याच्या कंपनीत एका बॅगेचे जाऊन-येऊन सुमारे ११०. दोन विमानतळांमधल्या बसचे तिघांचे दोन्ही वेळचे सुमारे १५०. मग खरी गंमत. विमानतळ बदलायचा म्हणजे ब्रिटनच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडायचं. भारतीय पासपोर्टवाल्यांकडे वैध अमेरिकी व्हिसा असेल, ते अमेरिकेतून किंवा अमेरिकेकडे जात असतील आणि पुढचं तिकीट पक्कं असेल, तर त्यांना ब्रिटिश व्हिसाशिवाय दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत थांबू देतात. शेवटचा शब्द अर्थातच काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा. आणि ज्या मुलीच्या पासपोर्टचा एवढा दिमाख, तिलाच ८ जानेवारी २०२५पासून ब्रिटनमध्ये शिरायला ईटीए, म्हणजे आधी काढायचा ऑनलाइन परवाना, लागायला लागला होता, तेव्हा १० पौंड. सगळं वजा जाऊन उरले पावणेदोनशेच्या आसपास.

त्या पावणेदोनशेच्या बदल्यात धोका काय? तिकिटं वेगळी, म्हणून पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं तिकीट बुडालं. दुसऱ्या कंपनीचा त्यात काही संबंध राहत नाही. झोपाळलेलं मूल आणि बॅगा घेऊन लंडनच्या बाहेरच्या रस्त्यावर बसमध्ये, हे वेगळंच.

फ्रँकफर्टमार्गे एकाच तिकिटावर ५०५. खरा मुकाबला याच्याशी होता. एकच तिकीट असल्याने मधलं विमान चुकलं तर कंपनी पुढची सोय करते. शेंगेनमध्ये प्रवेश जर्मनीत होतो, पण मुक्काम सगळा पोर्तुगालमध्ये असल्याने व्हिसा पोर्तुगालचाच योग्य. तिघांचे १२९ डॉलर वाचत होते. अडचण भूगोलाची : लिस्बनवरून पुढे तीन तास पूर्वेला जायचं आणि तेवढंच मागे यायचं. परतीलाही तेच.

थेट विमान ५४८. पोर्तुगालची टॅप ही कंपनी या मार्गावर आहे. युरोपीय कंपनी असण्याचा एक फायदा त्यांनी लक्षात घेतला. युरोपीय संघाचा २६१ क्रमांकाचा नियम युरोपातून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे, पण बाहेरून युरोपकडे जाणाऱ्यांपैकी फक्त युरोपीय कंपन्यांच्या विमानांना. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासात विमान चार तास किंवा जास्त उशिरा पोचलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असलं, तर माणशी ६०० युरो. अमेरिकी कंपनीने गेलात तर हे कवच फक्त परतीच्या वाटेवर.

निर्णय

थेट विमान घेतलं. कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "एकशे एकोणतीस डॉलरसाठी मी चार वर्षांच्या मुलीला दोनदा उतरवणार नाही." तक्ता एवढा बारीक करून शेवटी निर्णय असा झाला, आणि मला तो पटतो. तक्त्याचं काम लंडन बाद करणं हे होतं, ते त्याने केलं.

तिकीट रात्री कंपनीच्या साइटवर घेतलं. सकाळी पाहतात तर मुलीच्या पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र आहे, तिकिटावर वडिलांचं नाव नाही. फोन करून दुरुस्तीची विनवणी करण्याऐवजी त्यांनी चोवीस तासांच्या नियमाखाली रद्द करून तेच तिकीट पुन्हा काढलं. भाडं तेच होतं, हे नशीब.

राहण्यातही असाच एक पेच होता. अल्फामा या जुन्या वस्तीतलं चौथ्या मजल्यावरचं घर, खिडकीतून नदी, लिफ्ट नाही. किंवा अलामेदाजवळचं साधं हॉटेल, रात्रीला ९४ युरो. अलामेदाला मेट्रोच्या लाल आणि हिरव्या मार्गांचा संगम आहे. विमानतळावरून लाल मार्गाने गाडी न बदलता पोचता येतं, आणि हिरव्याने थेट शहराच्या मध्यातला रॉसियू चौक. हॉटेल घेतलं. शहराचा पर्यटन कर रात्रीला माणशी ४ युरो, सात रात्रींपर्यंत, तेरा वर्षांखालच्यांना माफ. दोघांचे ५६ युरो.

प्रत्यक्षात काय झालं

पहिले चार दिवस ठरल्याप्रमाणे गेले. अमेरिकेत घड्याळं ९ मार्चला पुढे गेली होती, युरोपात ती ३० मार्चला जाणार होती. त्यामुळे त्या आठवड्यात बॉस्टन आणि लिस्बनमध्ये पाचऐवजी चारच तासांचा फरक होता. मुलीची झोप दुसऱ्याच दिवशी बसली.

जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो, म्हणून तो ज्या भागात आहे त्या बेलेंमला मंगळवार ठेवला होता. दारातून आत शिरल्यावर वास्को द गामाची समाधी आहे. कालिकतला उतरलेल्या माणसाजवळ भारतीय पासपोर्टवाल्यांनी नव्वद युरोंचा व्हिसा काढून जायचं, यावर त्याने केलेला विनोद इथे लिहीत नाही.

स्ट्रोलर फसला. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे, ओले झाले की गुळगुळीत, आणि प्रत्येक रस्ता चढाचा. छोटी पुढची चाकं दर दोन पावलांना दगडांच्या फटीत अडकत होती. दुसऱ्या दिवसापासून स्ट्रोलर हॉटेलात आणि मूल खांद्यावर. पाठीवरची कॅरियर नेली असती तर बरं झालं असतं. २८ नंबरच्या ट्रामची रांग बघून त्यांनी तोही नाद सोडला.

बुधवारी १९ मार्चच्या रात्री मार्तिन्यू नावाचं वादळ आलं. झाडं पडली, छपरं उडाली. लिस्बनजवळच्या सिंट्रा गावातल्या डोंगरावर इतकी झाडं कोसळली की तिथली उद्यानं आणि राजवाडे बंद ठेवावे लागले. यांची सिंट्राची सहल नेमकी गुरुवारी, पेना राजवाड्याचं वेळ ठरवलेलं तिकीट काढून. आठवड्यातला सगळ्यात मोठा दिवस त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवला होता, त्यामुळे पुढे ढकलायला जागाच उरली नाही. सिंट्रा राहिलं ते राहिलंच. त्या दिवशी अलामेदाहून लाल मार्गाने ओरिएंतेला जाऊन १९९८च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं मत्स्यालय पाहिलं. मुलीला विचाराल तर सहलीतला सर्वोत्तम दिवस तोच.

शुक्रवार २१ मार्चला हीथ्रो बंद पडलं. जवळच्या वीज उपकेंद्राला आग लागली, आणि जवळजवळ पूर्ण दिवस विमानतळ ठप्प. लंडनचा पर्याय घेतला असता, तर हे तिघं त्याच दिवशी गॅटविकला उतरून हीथ्रोच्या विमानाची वाट पाहत असते, आणि विनाव्हिसा थांबण्याची मुदत शनिवारी मध्यरात्री संपत असती. शनिवारी हीथ्रोवर खोळंबलेल्यांचीच गर्दी होती. हे तिघं शनिवारी दुपारी लिस्बनहून थेट निघाले आणि संध्याकाळी घरी पोचले.

हिशेब

विमान १,६४४, एक बॅग जाऊन-येऊन १६०, व्हिसा सेवाशुल्कासह २६५, विमा ८५, हॉटेल करासह सुमारे ७७५, खाणं-फिरणं-तिकिटं ६४०. एकूण ३,५६९ डॉलर. बजेटच्या ६९ वर. पासपोर्ट नूतनीकरणाचा खर्च यात धरलेला नाही, कारण तो कधीतरी करावाच लागला असता. यावर दोघांचं अजून एकमत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

हीथ्रोच्या आगीनंतर दोघांना आपला निर्णय अचूक वाटू लागला. मला हे धोक्याचं वाटतं. आग कुणालाच आधी ठाऊक नव्हती. लंडन बाद झालं ते पावणेदोनशे डॉलरसाठी दोन वेगळ्या तिकिटांची जोखीम महाग होती म्हणून, आणि आग लागली नसती तरी ते कारण तितकंच खरं राहिलं असतं. उलट, एकटा धडधाकट माणूस, पाठीवर एकच बॅग, लंडनला रात्रभर थांबण्याची तयारी आणि ब्रिटिश व्हिसा आधीच असेल, तर त्याने तोच पर्याय घेण्यात काही चूक नाही.

क्रम मात्र सगळ्यांसाठी सारखा आहे. आधी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर उघडे ठेवायचे : पासपोर्ट कधी संपतो, अमेरिकेचा शिक्का कधी संपतो. त्यातून परतीची शेवटची तारीख मिळते. मग व्हिसाची अपॉइंटमेंट. तिकीट तिसरं. यांनी पहिले दोन आठवडे भाडी पाहण्यात घालवले, आणि ती सगळी भाडी मे महिन्याची होती.

सिंट्रासारखा हवेवर अवलंबून असलेला दिवस पहिल्या अर्ध्यात टाकायला हवा होता. हे सोपं होतं आणि सुचलं नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. १० एप्रिलनंतर तिच्या पासपोर्टमध्ये चालू शिक्का राहिला नाही. सप्टेंबर २०२५पासून अमेरिकेने असे व्हिसा आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच घ्यायला सांगितलं आहे, म्हणजे युरोपच्या सहलीतच तिथल्या वकिलातीत शिक्का मारून घेण्याचा मार्गही बंद झाल्यासारखाच आहे. त्यामुळे पुढचं युरोप भारताच्या फेरीलाच जोडायचं, असा त्यांचा विचार चालू आहे : शिक्का भारतात घ्यायचा आणि परतीच्या वाटेवर चार दिवस एखाद्या शहरात थांबायचं. शिक्का वेळेत मिळाला नाही तर ते चार दिवस जातील, म्हणून परतीची तारीख बदलता येणारं तिकीट घ्यायचं की थांबा जातानाच ठेवायचा, यावर नवा तक्ता सुरू झाला आहे. या वेळी पहिल्या रकान्यात पासपोर्टच्या तारखा आहेत.